ठकाजीआप्पाची फिरती बाज

आमच्या ठकाजीआप्पाला बरं वाटेनासं झालं की तो आधी स्वतःचे कान चाचपतो. कान गरम तर ताप अंगातला, कान गार तर दुखणं पोटातलं, आणि एक गार एक गरम लागला तर कुणाची तरी नजर. मेंढरांचं असंच असतं म्हणे. आप्पाच्या लेखी माणूस म्हणजे दोन पायांवर उभं राहिलेलं मेंढरू. लोकर कमी आणि तोंड जास्त, एवढाच फरक. पायाला चिखल्या झाल्या की तो मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवून बसतो, कारण खुरं सडलेल्या मेंढ्यांना तो त्याच पाण्यातून चालवतो. पोट बिघडलं की बाभळीचा पाला चावतो. नात झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाला, "कोकरू ठणठणीत हाय. आईला झ्याक धरतंय." सुनेनं तोंडावर पदर घेतला.

"मेंढराचं आन् माणसाचं कातडं येकच, बाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाई म्हणजे मी. चौतीस वर्षं सरकारी नर्स होते, आता निवृत्त होऊन अवसरी बुद्रुकला मळ्यातल्या घरात राहते. माझ्या आणि आप्पाच्या रानामध्ये एक बांध आहे. वयानं तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून लिहिताना एकेरी लिहिते. तोंडावर मात्र "आप्पा, तुम्ही" म्हणते, नाहीतर तो दोन दिवस तोंड फिरवून बसतो.

त्याच्या वडलांच्या वेळी मेंढरांची मोठी खांड होती, रानोरान हिंडायची. आता शेती आहे, कांदा आहे, ऊस आहे. तरी वीसेक मेंढ्या त्यानं हट्टानं ठेवल्यात. रोज सकाळी त्यांना बाहेर काढताना बांधावरून ओरडतो, "जयभीम बाई! हायेत का गेल्या?" मी आतून ओरडते, "आहे अजून!" आमची दोघांची रोजची हजेरी.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला ही हजेरी बंद पडली.

पहिल्या दिवशी वाटलं, बाजारला गेला असेल. दुसऱ्या दिवशी त्याची बायको हौसाबाई डोळे पुसत माझ्या ओट्यावर येऊन बसली. "बाई, ह्यांनी बाज उचलून रानात नेलीया. ताट-तांब्या येगळा केलाय, वर गेरूचा पट्टा वढलाय. मेंढरं समदी माज्या भावाकडं आणे गावाला धाडली. नातीकडं बगत बी न्हाईत. जवळ गेलं की खडा मारत्यात."

"भांडलात का?"

"भांडान बी न्हाई वो! भांडान झालं असतं तर कळलं तरी असतं."

गावात एव्हाना तीन तर्क निघाले होते. कुणी म्हणे आप्पाला वैराग्य आलं, कुणी म्हणे सून टाकून बोलली, आणि पारावरची टवाळ मंडळी म्हणत होती की म्हातारा बाजेसकट फिरतोय. हे तिसरं खरं होतं. बाज सकाळी विहिरीपाशी दिसे, दुपारी आंब्याखाली, संध्याकाळी पार उसाच्या कडेला.

उसाच्या कडेला म्हटल्यावर मी हातातलं काम टाकलं. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. तो असतो का नसतो असा प्रश्नच नसतो. आज कुणाच्या उसात एवढंच विचारायचं. दिवस कलला की लोक कुत्रीसुद्धा घरात घेतात. आणि हा माणूस तिथं उघड्यावर झोपतोय.

मी काठी घेतली आणि निघाले. आप्पा आंब्याखाली बाजेजवळ उभा होता. बसला नव्हता, उभा होता, आणि तोही कसा, तर पायांमधून कोकरू पळत जाईल इतके पाय फाकून. बाजेभोवती मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, लावलेली. बाजेच्या एका खुराला दोरा बांधून लोकरीचा झुबका लोंबत ठेवलेला. म्हटलं, हे काय नवीन खूळ?

"तितंच थांबा!" आप्पा ओरडला. "वारं तुमच्याकडं हाय. वळसा घालून त्या अंगानं या. वीस पावलावं उभ्या ऱ्हावा."

मी वळसा घातला. वीस पावलांवर उभी राहिले. आणि मग आप्पानं माझ्याशी जे बोलणं केलं, तसं बोलणं मी चौतीस वर्षांच्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

"बाई, येक इचारू? समजा, येक मेंढा हाय."

"हं."

"वयस्कर हाय. संसारी हाय. त्याला जांघंत आन् म्होरल्या जाग्यावं फोड उठलं. लई ठणकत्यात. तर त्या मेंढ्याचं काय व्हतंय?"

पाय फाकून उभा राहिलेला मेंढा माझ्यासमोरच होता. मी चेहरा सरळ ठेवला. "मेंढ्याला बसता येतं का?"

"न्हाई. उबाच असतो."

"ताप?"

आप्पानं कान चाचपले. "हाय. दोनी कान गरम."

"तहान फार लागते का? लघवीला सारखं जावं लागतं का?"

"वर्सभर झालं. हौसी म्हनती... म्हंजी मेंढी म्हनती, सारकं काय उटताय."

इथपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. इथून पुढं आवरावं लागलं नाही, ते आपोआप गेलं. वर्षभर तहान, सारखी लघवी, आणि आता त्या जागी ठणकणारे फोड आणि ताप. मला एकदम आण्याच्या पठारावरचा एक माणूस आठवला.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नवी नोकरी, कडक इस्त्री, डोक्यावरची टोपी अशी ताठ की मान वळवायची तर अख्खी मी वळायची. अभ्यासात पहिली, पण पुरुषाच्या शरीराचं पान आलं की त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून पाठ केलेलं. कुटुंबनियोजनाचं भाषण मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून करायची. एका म्हातारीनं शेवटी विचारलं होतं, "पोरी, म्हंजी कंच्या तारखेला करायचं ह्ये?" अशी मी शहाणी.

तर तिथं एक शेतकरी आला. असाच पाय फाकून. "बाई, जांघंत जरा गळू..." एवढंच म्हणाला आणि खाली बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. दोघंही इतके लाजलो की त्या खोलीत रोगी कोण नि नर्स कोण ते कळलं नसतं. मी त्याला मलमाची ट्यूब दिली, "लावा" म्हटलं, नोंद केली, टोपी सारखी केली. बघितलं नाही. ताप आहे का विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्याला जीपमध्ये आडवा घालून पुण्याला नेला. त्याला साखरेचा आजार होता आणि कुणालाच ठाऊक नव्हता. जंतू आत पसरले, कातडं काळं पडलं. तीन महिन्यांनी जीव वाचून परत आला, पण जे कापून टाकावं लागलं ते परत आलं नाही. पुढं बाजारात मी दिसले की तोच मान खाली घालायचा. जणू चूक त्याची होती.

"आप्पा," मी म्हटलं, "मेंढ्याला धोतर सोडायला सांगा. मला बघायचंय."

"ह्यॅ! बाईमानसानं?"

"मी बाईमाणूस होते तेव्हा बघितलं नाही, तर एक माणूस मरता मरता वाचला. आता म्हातारी झालेय. बघू द्या."

"तसं न्हाई, बाई." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. मेंढा आता उरला नव्हता. "जवळ येऊ नगा. ह्या देवी हायेत."

मेंढ्यांच्या देवी हा मेंढपाळांच्या घरात हळू आवाजात घ्यायचा आजार. अंगभर फोड उठतात, आणि एकीला झाल्या की खांड जाते.

"आधी जितं लोकर नसती तितं उठत्यात," आप्पा म्हणाला. "जांघंत. शेपटाखाली. मी आठ वर्साचा व्हतो. येका मेंढीला फोड दिसलं. बा म्हनला, लगीन उरकून येतो, मंग बाजूला काडू. दोन दिस गेलं. तेवड्यात निम्मी खांड... कोकरं मी उचलून टाकली, बाई. येकेक करून. ह्या हातांनी." त्यानं हात पुढं केले आणि लगेच मागे घेतले, हात दाखवल्यानंसुद्धा मला काही होईल अशा भीतीनं. "बानं बाजूला काडायला उशीर केला. म्या न्हाई करनार. बाळ तीन म्हैन्याचं हाय घरात."

मी त्याला सांगायला हवं होतं की मेंढ्यांच्या देवी माणसांना होत नाहीत. पण खरं सांगते, मला नक्की आठवेना. आणि ज्या गोष्टीची मला खरी धास्ती होती, ती त्याला सांगायचं धाडस होईना. मी वाघरीची गाठ सोडली आणि सरळ आत गेले.

आप्पानं काय करावं? घोंगडं घेतलं आणि तोंडावर ओढलं. बाकी सगळं उघडं, आणि तोंड तेवढं झाकलेलं. आतून आवाज आला, "बगा मंग. पर माज्याकडं बगू नगा."

बघितलं. पाच-सहा फोड, लाल, केसांच्या मुळाशी. त्यातला एक सुपारीएवढा, टम्म, मध्ये पिवळा. पण भोवतालचं सगळं कातडं भाजल्यासारखं सोललेलं. केसतुटीनं असं होत नाही.

"आप्पा, काय लावलंत?"

घोंगडं आणखी वर ओढलं गेलं.

"आप्पा!"

"गोचडीचं औषिद."

मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिडांना मारायचं विष. पाण्यात किती मिसळायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं आणि हातमोजे घाला असं त्याहून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आप्पानं ते नुसतं लावलं होतं. तिथं.

"मेंढराचं आन् माणसाचं कातडं..." घोंगड्यातून अगदी क्षीण आवाज आला.

"गप बसा," मी म्हटलं. काळा डाग कुठं आहे का, घाण वास येतोय का, सूज पोटाकडे चढलीय का, हे मी बघत होते. काळं नव्हतं. पण लाली कडेकडेनं सरकत होती. माझ्या पिशवीतल्या पेननं मी लालीच्या कडेला रेघ ओढली, म्हणजे पुढं सरकली तर कळेल. आप्पा आतून म्हणाला, "खूण करताय व्हय? बराबर. आमी बी करतो. गेरूनं."

मंचरला जायचं ठरलं. त्याचा मुलगा संतोष पिकअप घेऊन आला. आप्पा पुढं बसेना. "पोराच्या शेजारी न्हाई. म्या मागं उबा ऱ्हातो." जिथं एरवी मेंढरं उभी राहतात तिथं, दांडीला धरून, तोंडाला उपरणं बांधून हा उभा. मी पुढं संतोषशेजारी. मागच्या काचेतून त्याचे फाकलेले पाय तेवढे दिसत होते. प्रत्येक खड्ड्याला ते पाय उचलायचे. संतोषनं एकदाच विचारलं, "मावशी, कॅन्सर हाय का?" मी म्हटलं, "गाडी चालव." त्यानं त्याचा अर्थ हो असा घेतला आणि निरगुडसरच्या फाट्यापर्यंत रडला. मला ते फार उशिरा लक्षात आलं. मी रस्त्याकडे बघत होते, आणि मला रस्त्यावर आण्याची जीप दिसत होती.

मंचरला कातडीचा डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा निघाला. आप्पानं त्याच्याकडे बघून मला विचारलं, "ह्याला दाढी तरी येती का?" पण पोरगं हुशार. त्यानं रेघ बघितली. लाली रेघेच्या करंगळीभर पुढं गेली होती. तो खुर्ची सोडून उभा राहिला, आणि मी नर्स असल्यामुळे मला डॉक्टरांचं उभं राहणं कळतं.

मग त्यानं प्रश्न सुरू केले. घरात कुणाला खाज आहे का, रात्री वाढते का? कारण खरजेच्या गाठी तिथं उठतात. आधी पाण्यानं भरलेले बारीक फोड येऊन फुटले का? कारण नागिणीच्या जातीतला एक आजार असा असतो. तो संबंधातून लागतो, म्हणून पुढचा प्रश्न त्यानं सरळ विचारला, "बाबा, बायको सोडून आणखी कुणाशी संबंध?"

आप्पा ताडकन उठला. म्हणजे उठणार होता, पण ठणका लागला आणि अर्ध्यावरच राहिला. "डाक्टर, माज्याकडं येक बायको आन् वीस मेंढ्या! दिस कवा उरतो?"

डॉक्टर हसला नाही, म्हणून मला तो आवडला. "विचारावं लागतं, बाबा. तसं असतं तरी औषध असतं, आणि लाजून उपयोग नसतो." मग तो सांगत गेला: तिथं नुसती तेलाची गाठही होते, ती पिकली की दुखते; साबणानं नाहीतर औषधानं कातडं भाजतं; काही दाणे तर जन्माचेच असतात, ते दुखतही नाहीत आणि पोरं उगाच रात्र रात्र झोपत नाहीत. "तुम्ही तिथले केस काढता का? कशानं?"

तोंडावर उपरणं ओढून आप्पा म्हणाला, "कातरीनं."

"कुठल्या?"

"लोकरीच्या."

तेव्हा कुठं सगळं उलगडलं. उन्हाळ्याआधी आप्पा मेंढ्यांची लोकर कातरतो. आणि सगळ्या मेंढ्या झाल्या की शेवटी, त्याच कातरीनं, त्याच बैठकीत, उन्हाळ्यासाठी स्वतःलाही कातरतो. बापापासूनची रीत. आजवर निभावलं; या वेळी रक्तात साखर होती. केस उलटे आत वळले, त्यांच्या मुळाशी कातरीची घाण गेली, केसतुटी झाल्या, एक पिकून गळू झालं. वर गोचिडांचं औषध. साखर मोजायच्या मीटरवर आकडा तीनशेच्या वर गेला.

"आन् देवी?" आप्पानं विचारलं. इतक्या हळू की डॉक्टरला पुन्हा विचारावं लागलं. "मेंढ्यांच्या देवी न्हाईत ना ह्या?"

"नाहीत. त्या माणसांना होत नाहीत."

"बाळाला?"

"बाळही माणूसच आहे, बाबा. पण पू कुणालाही लागतो. हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, बास. मात्र आणखी दोन दिवस वाट बघितली असती तर तुम्हीच..." इथं त्यानं माझ्याकडे बघितलं आणि वाक्य तसंच सोडलं. गळू कापलं, पाच दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली. मी रोज जाऊन रेघ बघत होते. दुसऱ्या दिवशी लाली रेघेवर थांबली. तिसऱ्या दिवशी मागे सरली. त्या दिवशी मी दवाखान्याच्या दारातल्या गाड्यावर एक ग्लास उसाचा रस मागवून प्यायले.

आप्पाला साखरेचं मात्र फार लागलं. "मेंढराला साखर व्हती का, बाई?"

"ऐकलं तरी नाही कधी."

"म्हंजी ही मानसाचीच म्हनायची." आयुष्यभराचं शास्त्र मोडलं होतं बिचाऱ्याचं.

घरी आल्यावर बाज परत आणायला आम्ही दोघं रानात गेलो. तो सावकाश, पण आता पाय जवळ टाकत. मऊ मातीत बाजेच्या खुरांचे खड्डे ठिकठिकाणी उमटलेले होते. मी सहज एका जागी उभी राहिले, घराकडे बघितलं, आणि मला खिडकीतला पाळणा दिसला. दुसऱ्या जागी गेले. तिथूनही पाळणा दिसला. प्रत्येक जागेवरून दिसत होता. मग लोकरीच्या त्या झुबक्याचा अर्थ लागला. वारं फिरलं की झुबका फिरायचा, आणि झुबका घराकडे वळला की आप्पा बाज उचलायचा. आजारी मेंढरू खांडीच्या वाऱ्याखाली ठेवायचं, तसा तो स्वतःला ठेवत होता. सगळ्यात खोल खड्डे उसाच्या अगदी कडेला होते. तिथं तो जास्त झोपला होता. रात्रीचं वारं घराकडून उसाकडे वाहतं.

"आप्पा, बिबट्याची भीती नाही वाटली?"

"वाटली की. लई." त्यानं झुबका सोडवून खिशात घातला. "पर त्यो आला असता तर येकट्या माज्यावंच आला असता."

तेवीस वर्षांची मी असते तर त्याला तिथंच उभं करून जंतू, हवा आणि संसर्ग यावर भाषण दिलं असतं, कॅलेंडरकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून हाक आली नाही, म्हणून मीच गेले. हौसाबाईनं नात आणून आप्पासमोर धरली होती. आप्पानं हात साबणानं धुतले. पुन्हा धुतले. मग खिशातून लोकरीचा झुबका काढला आणि बोटांत धरून उंच केला. झुबका पुढच्या दाराकडे झुकला.

"अहो, डाक्टरनं सांगितलंय ना, काय न्हाई म्हनून!" हौसाबाई म्हणाली.

"डाक्टर शिकल्याला हाय," आप्पा म्हणाला. "पर वाऱ्याला कुटं ठावं?"

मग तो उठला, पाळण्याला वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसला आणि तिथून त्यानं हात लांब केले. हौसाबाईनं बाळ त्या हातांवर ठेवलं.

मी खुर्ची उचलली आणि त्याच्या अंगाला, वाऱ्याखाली, जाऊन बसले.

बाळावरची नजर न काढता तो म्हणाला, "जयभीम बाई. हायेत का गेल्या?"

"आहे अजून," मी म्हटलं.